कपाटाची दुसरी किल्ली

‘आता कार्यकर्ते मिळत नाहीत.’ सांगली-मिरजेतल्या कुठल्याही जुन्या संस्थेच्या वार्षिक सभेला जा. अहवाल वाचून झाला, जमाखर्चाला टाळ्यांनी मंजुरी मिळाली की हे वाक्य येतंच. यंदा एका व्याख्यानमालेच्या सभेत ते आलं आणि वाद पेटला. माला सात दिवसांची आहे. ती तीन दिवसांवर आणावी, कारण धावपळ करायला माणसं नाहीत, असा ठराव मांडला गेला. मागच्या रांगेतला एक तरुण उठला आणि म्हणाला, ‘तुम्ही खुर्च्या सोडत नाही, म्हणून आम्ही येत नाही.’ सभा तिथेच विस्कटली. त्यानंतर चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत दोनच बाजू ऐकतो आहे. एक म्हणते, पोरं मोबाइलमध्ये बुडाली. दुसरी म्हणते, म्हातारे पदाला चिकटले. दोन्हीकडे संताप खरा आहे. पण ज्या कामासाठी माणसं मिळत नाहीत असं आपण म्हणतो, ते काम नेमकं काय असतं, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आमच्यासारख्या पाच लाखांच्या आसपासच्या शहरात माणसांचा तुटवडा नाही, आणि दुसऱ्यासाठी काही करावं ही ओढही आटलेली नाही. आम्ही माणसांना कार्यक्रमाच्या दिवशी बोलावतो आणि वर्षभराच्या कामात मात्र घेत नाही. सतरंज्या घालायला, खुर्च्या मांडायला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला हात मागतो. पावती पुस्तक, इतिवृत्ताची वही, बँकेतली सही आणि कपाटाची किल्ली मात्र ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राहते. एक-दोन वर्षं खुर्च्या उचलल्यावर शहाणा माणूस येईनासा होतो. त्याला आपण आळशी म्हणतो. हे मी बाहेर उभं राहून बोलत नाही. पंधरा वर्षं एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि या पंधरा वर्षांतल्या प्रत्येक चुकीवर माझीही सही आहे.

मोबाइलचा मुद्दा आधी निकालात काढू. ज्या मुलांना सार्वजनिक कामाची आवड नाही असं आपण म्हणतो, ती भाद्रपदात काय करतात? वीस-बावीस वर्षांचा मुलगा वर्गणीच्या तात्पुरत्या परवानगीसाठी धर्मादाय कार्यालयाचा अर्ज भरतो. पोलीस ठाण्यात मिरवणुकीचा मार्ग लिहून देतो, विजेचं तात्पुरतं मीटर घेतो, मांडववाल्याशी घासाघीस करतो, रात्री पावत्यांचे क्रमांक जुळवत बसतो. दहा रात्री मूर्तीपाशी पाळीपाळीनं जागरण होतं. मिरजेत विसर्जनाच्या मार्गावर ज्या भल्यामोठ्या स्वागत कमानी उभ्या राहतात, त्यांच्यामागे किती पोरांची किती रात्रींची झोप असते, हे मिरजकरांना सांगायला नको. या मुलांना कुणी प्रशिक्षण दिलं? कुणी प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं? बहुतेक मंडळांत उत्सवाचा अध्यक्ष दर वर्षी बदलतो, एवढी एकच गोष्ट लक्षात घ्या. गल्लीतल्या पंधरा वर्षांच्या मुलाला ठाऊक असतं की पाच-सहा वर्षांनी पावती पुस्तक आपल्याकडे येणार आहे. तो आजच त्याची तयारी करत असतो.

मंडळांबद्दल काय म्हटलं जातं ते मी जाणतो, आणि त्यातलं बरंच खरं आहे. कानठळ्या बसवणारा डीजे, दुकानदाराला धमकावून काढलेली वर्गणी, नेत्याच्या फोटोखाली झाकून गेलेला गणपती. हे सगळं होतं आणि त्याची लाज वाटायला हवी. पण इथे मंडळांच्या पुण्याईची गोष्ट चाललेली नाही, त्यांच्या रचनेची चालली आहे. १८९३ पासून हा उत्सव सार्वजनिक स्वरूपात वाढत आला. सव्वाशेहून अधिक वर्षं कुठल्याही कायमच्या कार्यालयाशिवाय आणि पगारी नोकरांशिवाय तो दर पिढीत नवी माणसं ओढत राहिला. काम वाईट हातांत गेलं की वाईट होतं, चांगल्या हातांत गेलं की चांगलं होतं. पण ते हातांत जातं, हे महत्त्वाचं. आमच्या व्याख्यानमालांत आणि वाचनालयांत ते कुणाच्या हातात जातच नाही.

आता एक प्रसंग सांगतो. माझं मत त्यातूनच बनलं.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं वाचनालय उंचावर असल्यानं कोरडं राहिलं आणि आम्ही त्याच्या सभागृहात मदत केंद्र उघडलं. चोवीस तासांत तिथे कपड्यांचा ढीग खिडकीच्या वर गेला. महाराष्ट्रभरातून माणसांनी मनापासून पाठवलेलं सामान होतं, पण त्यात लग्नातले कोट होते, उंच टाचांच्या चपला होत्या, जुने पडदे होते. आम्ही कार्यकारिणीची माणसं त्या ढिगापुढे हतबल उभे होतो. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी पाण्यातून सुटून आईवडिलांबरोबर आमच्याकडेच आश्रयाला आली होती. तिनं कुणालाही न विचारता शंभर पानी वही घेतली, पट्टीनं रकाने आखले आणि एकेका कुटुंबापाशी मांडी घालून बसली. गल्ली, घर, माणसं, तान्हं मूल, औषध. सहावा रकाना तिचा स्वतःचा होता: ‘उचलून कोण आणणार?’ मागे कोण राहिलं आहे, त्यातलं कोण अंथरुणाला खिळलं आहे आणि त्याला पाठीवर घेऊ शकेल असा शेजारी कोण, याची ती यादी होती. एका आजींच्या नावापुढे लिहिलेलं आजही डोळ्यांपुढे आहे: ‘इन्शुलिन, बर्फ हवा, मुलगा दुबईला, समोरचा शिंपी उचलेल.’ बोट घेऊन निघालेल्या जवानांना ही वही मिळाली तेव्हा पहिल्यांदा त्यांना कुठल्या दारावर थाप मारायची ते कळलं. आम्ही चाळीस-पन्नास वर्षं सार्वजनिक कामात मुरलेली माणसं. सहावा रकाना आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.

पाणी ओसरलं. चिखल काढायला कॉलेजची मुलं टोळ्या करून आली. बोहरी आणि मारवाडी दुकानदार, तालमीतली पोरं, दर्ग्याजवळची मंडळी, सगळी खांद्याला खांदा लावून होती. महिन्यानं आम्ही सत्काराचा कार्यक्रम केला. त्या मुलीला शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. वही ‘संस्थेचं दप्तर’ म्हणून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं. वही हवी होती. कपाटाची किल्ली खजिनदारांकडे होती आणि ते करोनाच्या धास्तीनं पुण्याला मुलाकडे जाऊन राहिले होते. कुलूप तोडावं का, तोडलं तर खर्च कुठल्या खात्याला टाकावा, यावर कार्यकारिणीत दीड तास फोनाफोनी चालली. तेवढ्यात तीच मुलगी दारात आली. दोन वर्षांपूर्वी तिनं वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. त्यावरून रात्री नवी यादी लिहून आणली होती, गेल्या दोन वर्षांत वारलेल्यांची नावं वगळून. ज्या मोबाइलला आम्ही सभेत नावं ठेवतो, त्यानं त्या दिवशी आमच्या कुलपाची भरपाई केली. आणि तरीही, त्या वर्षीच्या सभेत तिला कार्यकारिणीत घ्यावं असं मी सुचवलं नाही. घटनेप्रमाणे अकरा जागा आहेत, अकराही भरलेल्या आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. त्यातले तीन सदस्य दोन वर्षं सभेला आलेले नव्हते.

जुनी माणसं अशा वेळी ‘पूर्वीच्या निष्ठे’चा दाखला देतात. पूर्वी लोक पदाची अपेक्षा न करता राबत, आताच्या मुलांना आल्याआल्या पद हवं, असं म्हणतात. पूर्वी म्हणजे केव्हा? महाराष्ट्रातल्या सार्वजनिक कामाची मुळं शोधत गेलं तर १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेपाशी आपण पोचतो. तिचा जन्म कसा झाला? पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, त्या कुणीतरी धसाला लावाव्यात म्हणून. म्हणजे आपल्या सुरुवातीच्या मोठ्या सार्वजनिक संस्थांपैकी ही संस्था मुळात हिशेब मागण्यातून उगवली. आणि गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक पुढे सार्वजनिक काका म्हणू लागले, त्यांनी नियम काय ठेवला? सभेचा सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. अशा ९५ सभासदांनी सुरुवातीला सुमारे सहा हजार माणसांच्या वतीनं बोलायचा अधिकार मिळवला. नाव मोठं आहे, घराणं जुनं आहे, वय झालं आहे, यातलं काहीच तिथे पुरेसं नव्हतं. १८७६-७७ च्या दुष्काळात हीच सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडत होती. आमच्या त्या मुलीचे रकाने त्याच जातीचे आहेत.

याच सभेनं १८९० साली चिटणीसपद कुणाला दिलं? गोपाळ कृष्ण गोखल्यांना. १८६६ चा जन्म, म्हणजे चोविसाव्या वर्षी. त्रैमासिकाचं काम, सरकारकडे जाणारे अर्ज, आकडेवारी, सगळं न्यायमूर्ती रानड्यांच्या नजरेखाली त्यांच्याकडून करून घेतलं गेलं. सात वर्षांनी, तिशी ओलांडतानाच, गोखले इंग्लंडमध्ये वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाचा जाब मागत साक्ष देत होते. ती साक्ष आभाळातून पडली नव्हती. आज चोवीस वर्षांचा एखादा हुशार मुलगा आमच्या दारात आला, तर आम्ही त्याला माईकची वायर धरायला लावतो. मग पूर्वीच्या निष्ठेची आठवण कुठल्या तोंडानं काढायची? पूर्वी निष्ठा जास्त होती हे मी मान्य करायला तयार आहे. पण पूर्वी विश्वासही जास्त टाकला जात होता, हे त्याबरोबर मान्य करावं लागेल.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, मला म्हणाले, ‘अरे, किल्ली दिली आणि संस्थाच गेली तर?’ ही भीती पोकळ नाही. निवडणुकीच्या आदल्या महिन्यात शंभर सभासद एकदम होतात, वर्गणी एकच माणूस भरतो आणि सभेत हात वर करून संस्था ताब्यात घेतली जाते, हे आपल्याकडे घडतं. शहराच्या मध्यावरची संस्थेची जागा हे त्यामागचं खरं कारण असतं. ज्या माणसानं तीस वर्षं स्वतःचे पैसे घालून, स्वतःच्या स्कूटरवर पुस्तकांचे गठ्ठे आणून संस्था जगवली, त्यानं किल्ली घट्ट धरली तर त्याला स्वार्थी म्हणणं हा अन्याय आहे. सभेत उठून बोललेल्या त्या तरुणानं हा अन्याय केला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनीही केला. खुद्द सार्वजनिक सभेचा इतिहास याच भीतीच्या बाजूनं साक्ष देतो. १८९५ साली टिळकांच्या पक्षानं मतांच्या जोरावर सभेची सूत्रं घेतली आणि रानडे-गोखल्यांना बाहेर पडून डेक्कन सभा काढावी लागली. पुण्याचं सार्वजनिक जीवन त्या फुटीनं पुढे कितीतरी वर्षं ढवळून निघालं.

पण त्यावर उपाय कुलूप आहे का? कुलपानं संस्था वाचते ती फार तर किल्लीवाल्याच्या हयातीपर्यंत. नंतर ती एकाच झटक्यात जाते, कारण आतल्या खाणाखुणा माहीत असलेलं दुसरं कुणी उरलेलंच नसतं. संस्था बळकावणाऱ्याला सगळ्यात सोयीची असते ती थकलेल्या अकरा जणांची, सभेला गणसंख्या न जमणारी संस्था. धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं दाखल झालेला नाही, मयत विश्वस्तांची नावं अजून दप्तरी आहेत, अशा संस्था आपल्या जिल्ह्यात किती असतील, याचा विचार ज्यानं त्यानं आपल्या संस्थेकडे बघून करावा. मला वाटतं, चाळीस कामकरी सभासद आणि दाराबाहेर लावलेला महिन्याचा जमाखर्च ही कुलपापेक्षा भक्कम राखण आहे. ज्याचा हिशेब सगळी गल्ली वाचते, ते कुणाला गुपचूप गिळता येत नाही.

दुसरं म्हणणं वेळेचं. ते मी पूर्णपणे मान्य करतो. बारावी झाली की शहरातली निम्मी हुशारी पुण्याच्या गाडीत बसते. जी मुलं उरतात, त्यातली कितीतरी सकाळी सातला अभ्यासिकेत शिरतात आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतून रात्री बाहेर पडतात. कुपवाडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्याला संध्याकाळ स्वतःची नसते. १९७० मध्ये बँकेतून पाचला सुटून साडेपाचला वाचनालयात येणारा कार्यकर्ता आता कुठून आणणार? पण त्याचा अर्थ एवढाच की काम मोजून मागायला शिकलं पाहिजे. ‘येत जा रे अधूनमधून’ हे बोलावणं नव्हे. ‘महिन्यातून दोन रविवारी, दहा ते बारा, बालविभागाची देवघेव तुझ्याकडे, नवी पुस्तकं कुठली घ्यायची तेही तूच ठरव, वर्षाला इतके रुपये’ हे बोलावणं झालं. साताऱ्यात २०१२ पासून डोंगरावरची अर्धमॅरेथॉन भरते. यवतेश्वरच्या घाटात पहाटे पाण्याच्या टेबलापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला आपली जागा, आपली वेळ आणि आपलं काम नेमकं ठाऊक असतं. नोकरीधंद्यातली माणसं तिथे हौसेनं येतात. पळायला आलेला माणूस शहराची आठवण घेऊन जातो ती त्यांच्यामुळे.

काम न देता तास मोजले की काय होतं, याचंही उदाहरण आपल्यापाशी आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. कल्पना उत्तमच होती, वर्षाला १२० तास समाजासाठी. जिथे कार्यक्रम अधिकारी जीव ओतणारा भेटला तिथे या योजनेनं माणसं घडवली, असे कितीतरी जण मला माहीत आहेत. जिथे तो भेटला नाही, तिथे दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप लागलं, फोटो निघाला आणि तास भरले. उन्हाळ्यात त्या रोपाला पाणी कोण घालणार, हे ठरवायचा अधिकार त्या विद्यार्थ्यांना कधीच नव्हता. लावणारे हात दर वर्षी बदलत गेले, रोप दर वर्षी वाळत गेलं.

काही जण म्हणतात, हे सगळं जाऊ द्या, इव्हेंटवाल्यांना काम द्या, पैसे मोजा, कार्यक्रम नेटका होतो. होतो, यात शंका नाही. पण मिरजेत किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मृत्यर्थ दर्ग्याच्या आवारात संगीत सभा होते, ती एकदा येऊन ऐका. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यानंतर पिढ्या उलटल्या, तरी नामवंत गायक-वादक उरुसात तिथे बिदागी न घेता येतात, कारण ते गाणं म्हणजे हजेरी असते. चिंचेखाली श्रोते जमिनीवर बसलेले असतात. तंबोरे ज्या गल्लीत बनतात, तिथले कारागीर त्याच श्रोत्यांत असतात. पैसे मोजून मांडव मिळेल, दिवे मिळतील. ही हजेरी कुठल्या दरपत्रकात मिळते?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. तरुण डाव्या मित्रांकडून तो येतो. ते म्हणतात, स्वयंसेवा म्हणजे महापालिकेच्या नाकर्तेपणावर पांघरूण आहे. गटार साफ करायला नागरिकांनी रविवारी झाडू घ्यायचा, तर घरपट्टी कशाची भरायची? आणि कायम न केलेल्या सफाई कामगाराच्या पोटावर तो पाय नाही का? आहे. गटार, कचरा, रस्ता, नळ ही कामं नागरिकांनी फुकट करू नयेत असंच माझंही मत आहे. तिथे स्वयंसेवकाचं काम हिशेब मागण्याचं आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत, हा दाखला देऊन अनेक नगरसेवक स्वच्छतेचे फोटो काढून घेतात. बाबा झाडत ते ज्यांना झाडायची लाज वाटत होती त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांची लाज मोडायला. त्यांनी कुणाची जबाबदारी माफ केली नव्हती.

पण काही कामं अशी आहेत की सरकार कितीही चांगलं असलं तरी त्याला जमत नाहीत. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सरकारनं घराघरांत सोल्जर घुसवले. माणसांनी रोगी लपवले, कारण घरात शिरणाऱ्यावर विश्वास नव्हता. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुलगा यशवंतच्या दवाखान्यासाठी रोगी गोळा करत होत्या. मुंढव्याचा एक आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन आणला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. सरकारकडे सैन्य होतं, अधिकार होते, छावण्या होत्या. कुठल्या झोपडीत कोण तापानं फणफणलंय आणि ते घर कुणाला दार उघडेल, हे मात्र सावित्रीबाईंना ठाऊक होतं. २०१९ ला आमच्याकडे बोटी बाहेरून आल्या, ‘समोरचा शिंपी उचलेल’ ही माहिती बाहेरून येऊ शकत नव्हती. शेजाराची ही ओळख वर्षभर कुणीतरी राखावी लागते. पूर आल्यावर ती तयार करायला वेळ नसतो.

आणि ही ओळख ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त आहे, त्यांना आपण सार्वजनिक कामात कुठे बसवतो? हे लिहिताना मला राग येतो. आमच्या शहरातल्या एकेका गल्लीत बायकांचे बचत गट आहेत. आठवड्याला किंवा महिन्याला बैठक, प्रत्येकीची बचत, कर्ज, हप्ता, व्याज, सगळं वहीत, सगळ्यांसमोर. अध्यक्ष, सचिव ठरलेल्या, बँकेत जाऊन सही करणाऱ्या. सातवी-आठवी शिकलेली बाई तिथे पै-पैचा हिशेब तोंडपाठ सांगते. तीच बाई आमच्या व्याख्यानमालेला आली तर तिच्याकडे रांगोळी आणि पाहुण्यांचं औक्षण. फार तर आभारप्रदर्शन. आमच्या वाचनालयाच्या अकरा जणांत बाई एकच आहे, आणि तिलाही आम्ही महिला दिनाचा कार्यक्रम सोडून आजवर काही विचारलेलं नाही. जिल्हाभर हजारो बायका बिनचूक दप्तर ठेवत असताना ‘खजिनदार व्हायला कुणी तयार नाही’ असं सभेत म्हणायचं धाडस आपल्याला होतं तरी कसं?

तरुणांनाही एक गोष्ट सांगायची आहे. ‘खुर्च्या सोडा’ एवढंच म्हणून भागत नाही. किल्लीबरोबर कंटाळाही येतो. लेखापरीक्षकाकडे चार खेपा, अनुदानाच्या अर्जातला चुकलेला रकाना, गळणारं छप्पर, वर्गणीसाठी उंबरा झिजवणं, हे सगळं त्या किल्लीलाच बांधलेलं आहे. मंचावरचं भाषण हा या कामाचा शंभरावा हिस्साही नाही. ते घ्यायची तयारी असेल तर किल्ली मागायला या. मागताना आवाज चढला तरी चालेल.

येत्या रविवारी आमच्या वाचनालयाची सभा आहे. मी तीन ओळींचा ठराव दिला आहे. सभेला न येणाऱ्या तिघांच्या जागा मोकळ्या कराव्यात आणि तिथे तिशीच्या आतले दोघं आणि बचत गट चालवणारी एक बाई घ्यावी. बँकेच्या दोन सह्यांपैकी एक यांच्यातली असावी. महिन्याचा जमाखर्च दाराबाहेरच्या फळ्यावर लावावा. ठराव पडेल अशी कुजबुज आहे. खजिनदारांशी मी दोन वेळा जाऊन बोललो. पहिल्या वेळी ते रागावले. दुसऱ्या वेळी बराच वेळ गप्प बसले, आणि मग उठून त्यांनी जुडग्यातून कपाटाची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, ‘दुसरी करून घे. ही मला परत आणून दे.’

मी ती करून घेतली आणि त्या मुलीला फोन केला. ती आता कुपवाडच्या एका कारखान्यात हिशेब बघते, रविवारी सुट्टी असते. कार्यकारिणीत येशील का, असं विचारलं. ती म्हणाली, ‘काका, आधी काम काय ते सांगा.’ मी सांगितलं. थोडं थांबून तिनं विचारलं, ‘ती वही अजून कपाटात आहे ना? पावसाळ्याच्या आत मला लागेल. त्यातले बरेच नंबर बदललेत.’